शिवकन्येचे कान

१२ फेब्रुवारी २०१४, बुधवार. लातूर.
नळाला पाणी आले नाही. टाकी निम्मी आहे. मुलींचे दुपारचे जेवण उशिरा झाले. कुकर शिट्ट्या देत राहिला आणि शिवकन्या ओट्याला टेकून उभ्या उभ्या झोपली. पाणी आटून वरण करपले. झाकण काढताना तिचा हात भाजला. कोरफड लावली. संध्याकाळी तिला डॉक्टरांकडे नेले. रक्तदाब फार वाढला आहे. समोरच्या मंगल कार्यालयात आजही डीजे. गंधारचा नांदेडहून फोन. रविवारी येतो म्हणाला.

शिवकन्या माझ्याकडे स्वयंपाकाला होती आणि आमच्याच घराच्या मागच्या खोलीत राहत होती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तिचा भाऊ तिला लातूरला घेऊन आला. पुढे भाऊही वारला. माझे यजमान बापूसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि काही वर्षांतच गेले, तेव्हा मी वरच्या खोल्या क्लासच्या मुलींना दिल्या. हदगावच्या, जळकोटच्या, कुठकुठल्या मुली अकरावीला यायच्या आणि बारावी, सीईटी करून जायच्या. गल्लीत दर दोन घरांआड एक क्लास, एक खाणावळ आणि एक झेरॉक्सचं दुकान. त्या सगळ्या मुलींना पहाटेचा चहा, दोन्ही वेळचं जेवण आणि गरज पडली तर बोलणी शिवकन्येकडून मिळायची. मुली तिला मावशी म्हणत. मला आजी म्हणत. शिवकन्या मला अक्का म्हणायची.

डॉक्टर तिला म्हणाले होते, "मी गोळी देतो, पण तुम्ही झोपतच नसाल तर गोळी एकटी काय करणार? झोप लागत नाही तोवर गॅसपाशी उभं राहायचं नाही."

गंधारला, म्हणजे माझ्या मुलाला, हे फोनवर सांगितलं. ती माझी चूक झाली असं म्हणणार नाही, सांगायला हवंच होतं.

"आई, उद्या कुकर फुटला तर मुलींच्या आईबापांना काय सांगशील?"

"मग तिला कुठे पाठवू?"

"तिचा पुतण्या आहे ना, दाळ मिलमध्ये."

"मलप्पाच्या खोलीत त्याचीच माणसं मावत नाहीत."

"ते आपण बघायचं का? रविवारी मी एका डबेवाल्याला घेऊन येतो. चांगला माणूस आहे. तू फक्त हो म्हण आणि निवांत राहा."

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. आणि मी थकलेही होते. रविवारपर्यंत शिवकन्या झोपली तर ती राहणार, नाही तर डबा येणार आणि ती जाणार. इतकं सरळ होतं ते. मी तिला तसंच सांगितलं. गोडगोड बोलून फसवणं मला जमत नाही.

ती भाजलेल्या हातावर फुंकर घालत म्हणाली, "गंधारदादाचं काय खोटं न्हाई. वरण करपलंच की."

झोप का लागत नाही, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. मंगल कार्यालय समोर, लग्नाचे दिवस, दुपारी वरातीचा डीजे आणि संध्याकाळी रिसेप्शनचा. खिडकीची काच थरथरायची. वैष्णवी हदगावची, बारावीला होती आणि परीक्षा आठवड्यावर आली होती. ती जेवता जेवता म्हणाली, "मावशी, तुम्हाला कानात बोळे पाहिजेत. आम्ही सगळ्या घालूनच अभ्यास करून राहिलो."

"कापसाचे?"

"कापसानं काय होतंय! फोमचे. हे बघा."

तिने दप्तरातून नारिंगी रंगाचे दोन बोळे काढून ताटाशेजारी ठेवले. शिवकन्येने एक उचलून दाबून पाहिला.

"हे तर गाजराचं टोक हाय."

"मावशी, खायचं नाही ते!"

शिवकन्या ते कानाकडे नेणार तोच मी थांबवलं. एकीच्या कानातलं दुसरीने घालायचं नाही. कानाचा संसर्ग फार चिवट असतो. शाळेत आमच्या नर्स सिस्टर रुमाल, कंगवा आणि कानकोरणं या तीन गोष्टी कुणाला उसन्या देऊ द्यायच्या नाहीत, तीच शिस्त मी या घरात ठेवली आहे. वैष्णवीकडे न उघडलेली एक जोडी होती, ती दिली.

हे काम मी नीट करायचं ठरवलं. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

वैष्णवीचे बोळे जरा टणक होते आणि त्यांचं बूड कानाबाहेर राहायचं. बसून वाचणाऱ्या माणसाला त्याने काही होत नाही. शिवकन्या कुशीवर झोपणारी. गुरुवारी दुपारी ती आडवी झाली आणि लगेच उठून बसली. "अक्का, उशी कानात बोट घालून राहिली."

मग महामाया आपले घेऊन आली. ही जळकोटची, गावच्या विहिरीत पोहायला शिकलेली आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत पोहून आलेली. तिचे बोळे मेणासारखे मऊ, पारदर्शक, कानाच्या तोंडावर चापटून बसवायचे. तिच्याकडेही नवी जोडी होती. शिवकन्येला ते आवडले, पण डीजेचा एकही ठोका कमी झाला नाही. ते पाणी अडवायला केलेले असतात, आवाजाला नाही. महामाया ओशाळली.

"राहू दे गं," शिवकन्या म्हणाली. "डोक्यावरून न्हायला बरे हायत. शिकेकाईचं पाणी कानात जातंय माझ्या."

संध्याकाळी मलप्पा काकूचा हात बघायला आला. दाळ मिलमध्ये तो भरड्याच्या यंत्रावर होता. त्याने खिशातून आपले बोळे काढले. रबरी, एकावर एक तीन टोप्या ठेवल्यासारखे आणि दोन्हींना जोडणारी एक दोरी.

"काकू, याच्यात यंत्राचा आवाज दबतोय, पण मुकादमाची शिवी बरोबर ऐकू येतीय."

"मग काय फायदा रे भाड्या? शिवीच तर ऐकाय नको."

"शिवी ऐकली न्हाई तर पट्ट्यात हात जाईल की माझा!"

ते मिलसाठी उत्तम होते. झोपेसाठी मी नाही म्हटलं. दोरी झोपेत गळ्याभोवती आली तर? शिवाय रबर कडक. रात्रभर घातले तर कानाची आतली कातडी सोलून निघेल. स्वयंपाकघरात तर काहीच नको, हे मी शिवकन्येला आधीच बजावलं. कुकर, दूध, दारावरचा माणूस, सगळं तिथे कानानेच कळतं.

शुक्रवारी सकाळी मी स्वतः औषधाच्या दुकानात गेले. ऊन लागत होतं, रिक्षा मिळाली नाही. दुकानात किशनराव म्हणून जुने कंपाउंडर आहेत.

"कुणाला पाहिजे बाई? तुम्हाला?"

"झोपण्यासाठी. बाईच्या कानाला. लहान आणि मऊ."

त्यांनी पाकिटं मांडली. प्रत्येकावर एक आकडा. आकडा मोठा तितका आवाज जास्त अडतो, असं आत इंग्रजीत लिहिलेलं होतं. किशनराव म्हणाले, "डीजे असंल तर सगळ्यात मोठा घ्या. तोफ उडाली तरी कळायचं नाही." मी सगळ्यात मोठा घेतला. त्या दिवशी मला ते शहाणपणाचं वाटलं.

दुपारी मुली क्लासला गेल्यावर मी शिवकन्येला तिच्या खोलीत निजवलं. बोळा बोटांत वळून बारीक वात करायची, डोक्यामागून दुसरा हात नेऊन कान वर ओढायचा, वात आत सरकवायची आणि फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायची. दोन्ही कान नीट झाले. बूड बाहेर राहिलं नाही. मी टाळी वाजवली. तिला कळली नाही. समोर नवरदेव घोड्यावर बसत होता, माझं स्वतःचं डोकं ठणकत होतं आणि शिवकन्येच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच नव्हतं. मला वाटलं, झालं एकदाचं.

चहाच्या वेळी मी दार लोटून पाहिलं. ती गादीवर नव्हती. खाली फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. डोळे उघडे. दोन्ही तळहात फरशीवर पालथे टेकलेले, बोटं पसरलेली. मी आत आल्याचं तिला आधी कळलं नाही. मग माझे पाय दिसले तशी दचकली आणि बोळे उपसून काढले.

"काय करतेस तू?"

"कान बंद केले म्हणून हातानं बघून राहिले."

"काय बघतेस?"

"हलतंय का."

मी तिच्या खाटेवर बसले. गुडघे दुखतात म्हणून खाली बसता आलं नाही. तिला भूकंपाचं कधीच कुणी विचारत नसे असं नाही. पत्रकार विचारून गेले होते, सर्वेवाले विचारून गेले होते. ती दोन वाक्यांत सांगायची. घरचे सगळे गेले, मी गोठ्यात होते म्हणून वाचले. त्या दिवशी ती तिसरं वाक्य बोलली.

"म्हैस व्यायला झाल्ती. म्हणून गोठ्यात बसल्ते. आधी आवाज आला अक्का, गुरगुर गुरगुर. मला वाटलं, म्हशीच्या पोटातलाच हाय. तिच्या पोटावर हात ठिवून बघत बसले." तिने तळहात पुन्हा फरशीवर टेकला. "आवाज आधी येतोय. कुणी ऐकलं तर बाहेर पळायला येतंय. थोडं तरी."

"तुला त्या दिवशी ते कसं कळणार होतं?"

"तेव्हा न्हाई कळणार. आता कळतंय की."

मग तिने जागल सांगितली. भूकंपानंतर सगळे पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेले, तेव्हा मागाहून रोज धक्के बसायचे. शेडमधल्या बायांनी आपापसांत पाळी लावली होती. एकीने जागायचं, बाकीच्यांनी निजायचं. पाळी संपली की पुढचीला हलवून म्हणायचं, उठ गं, आता तू. तिने डोळे पुसून "जागी हाय" असं म्हटलं, की मगच आधीचीने आडवं व्हायचं. नुसती उठून बसली तर चालायचं नाही. तोंडाने म्हणायला लागायचं. "म्हणल्याबिगर झोप लागतच नव्हती. आणि म्हणलं की अशी लागायची, मेल्यावानी."

"मग?"

"मग भाऊ ट्रक घेऊन आला, चल म्हणाला. माझी पाळी व्हती. माझ्यामागं कोंडाबाई. ती पाण्याला गेल्ती टँकरवर. ट्रकवाला थांबंना. मी तशीच बसले."

"म्हणजे पाळी दिलीच नाहीस?"

"कुणाला देऊ?"

बाहेर घोडा निघून गेला असावा, डीजे लांब जात होता. मला एकदम फार दमल्यासारखं झालं. ती इतकी वर्षं कशी जगली असेल, असले मोठे विचार काही मनात आले नाहीत. इतकंच आलं, की मी सगळ्यात मोठ्या आकड्याचे बोळे आणून हिचा पहाराच बंद करून टाकला होता आणि हिने तो हातांवर घेतला होता. आवाजाने तिची झोप जातच नव्हती. कान उघडे असले की ती निदान टेकून डुलकी तरी घेत होती.

चहा मी केला. तो पिताना तिला म्हणाले, "उद्या दुपारची पाळी मी घेते."

ती हसली. "तुमाला काय कळतंय अक्का? तुमी तर डीजेतबी पुस्तक वाचता."

"पुस्तक नाही वाचणार."

"डुलकी लागली तर?"

"वयाने झोप गेलीय माझी. तेवढा एक उपयोग होऊ दे."

ती उठली. कप विसळायला घेऊन गेली.

शनिवारी सकाळी मी पुन्हा किशनरावांकडे गेले आणि मधल्या आकड्याची पाकिटं मागितली.

"का हो, कमी पडले का कालचे?"

"जास्त झाले."

"आवाज जास्त अडला म्हणून परत येणारं तुमीच पहिलं गिऱ्हाईक." उघडलेलं पाकीट त्यांनी परत घेतलं नाही, ते बरोबरच होतं.

घरी आल्यावर एकेक जोडी तिच्या कानात बसवून मी दारातून हाक मारली. पहिल्या जोडीत तिने मान वळवली नाही, ती बाद. दुसऱ्या जोडीत टाळी कळली नाही, मिक्सरची घरघर कळली नाही, पण मी मोठ्याने "शिवकन्या!" म्हटलं तशी ती वळली.

"आला आवाज?"

"आला. घागरीतून हाक मारल्यावानी."

तेच हवं होतं. जागणारीची हाक ऐकू येत नसेल, तर ती जागून काय करणार? ही गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते.

दुपारी जेवणं झाल्यावर ती गादीवर आडवी झाली. मी खुर्ची उंबऱ्याशी आणून बसले. तिने बोळे वळून कानांत घातले, बोटांनी दाबून धरले, मग माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "जागी आहे."

तिने कपाळाला आठी घातली आणि एक बोळा काढला. "काय म्हणला?"

"जागी आहे म्हटलं."

"बोळे घालायच्या आधी म्हणायचं असतंय. आता कसं ऐकू येईल?"

"मग काढ दोन्ही."

तिने दोन्ही काढले. उठून बसली. मला वाटलं, आता हसण्यावारी नेते की काय. पण तिने हात लांब करून माझा गुडघा हलवला, झोपलेल्या माणसाला हलवतात तसा, आणि म्हणाली, "उठा अक्का, आता तुमी."

"जागी आहे."

मग तिने बोळे पुन्हा वळले, कान वर ओढले, घातले आणि भिंतीकडे तोंड करून कुशीवर झाली. थोड्या वेळाने तिची पाठ सैल पडली. तोंड उघडं राहिलं आणि ती घोरायला लागली.

मी बसून राहिले. वाचायचं नव्हतं, लिहायचं नव्हतं. फक्त ऐकायचं. हे काम किती थकवणारं आहे, ते मला अर्ध्या दुपारीच कळलं. डीजे सुरू झाला तेव्हा खुर्चीचे पाय हलायला लागले आणि हे गाण्याचं हलणं की दुसरं काही, हे मला ठरवता येईना. मी चप्पल काढून पावलं फरशीवर टेकवली. कमरेत कळ येत होती. उठून फेऱ्या माराव्यात असं वाटलं, पण तिने चुकून डोळे उघडले आणि खुर्ची रिकामी दिसली तर, म्हणून उठले नाही.

मोबाइल वाजला. गंधार होता.

"आई, उद्या दहाला निघतो. डबेवाल्याला बरोबर घेऊ ना?"

"आत्ता बोलता येणार नाही."

"झोपली होतीस का?"

"नाही. जागी आहे."

"तुझा आवाज का असा?"

"हळू बोलतेय म्हणून. संध्याकाळी फोन कर."

मुली क्लासवरून आल्या तेव्हा मी ओठांवर बोट ठेवलं. वैष्णवी दारातून आत वाकून बघत राहिली. मग चपला हातात घेऊन स्वयंपाकघराकडे गेली. तिने आणि महामायेने खिचडी टाकली. कुकरची शिट्टी झाली आणि शिवकन्या हलली नाही.

दिवे लागल्यावर ती उठली. उठली ती चिडूनच.

"उठवलं का न्हाई? भाकरी कुणी केली?"

"खिचडी केली मावशी," महामाया म्हणाली. "मीठ जास्त झालंय."

"आईबापानं डॉक्टर व्हायला पाठिवलंय आणि मीठ कळंना!" ती ओरडत होती, पण तिच्या गालावर उशीचे वळ होते आणि आवाज झोपेने जड होता.

जेवताना मी मुलींना जागलीचं सांगितलं. शिवकन्येला विचारूनच सांगितलं. दुपार माझी, पण रात्रीचं काय, हा प्रश्न होता. वैष्णवी म्हणाली, "आजी, आम्ही नाहीतरी रात्रभर जागून राहिलोत. कोण ना कोण वाचतच असतंय. आम्हीच घेतो की पाळी."

"तू बोळे घालून वाचतेस."

 परीक्षा चार-पाच दिवसांवर आली होती आणि समोरच्या कार्यालयात रोज लग्न होतं. "माझ्या पाळीला एक कान उघडा ठेवते," ती म्हणाली. "चालतंय का मावशी?"

शिवकन्या खिचडीतले शेंगदाणे वेचून बाजूला करत होती. "उजवा उघडा ठेव. डाव्या अंगाला डीजे हाय." मग म्हणाली, "आणि म्हणायला लागतंय. नुसतं मान हलवून चालायचं न्हाई."

"म्हणते ना. जागी आहे, जागी आहे, जागी आहे."

"एकदाच."

गंधारचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, तू ये, डबेवाल्याला आणू नकोस. तो वैतागला.

"एका दुपारच्या झोपेने काय होतं आई? बीपी उतरतं का लगेच?"

"नाही उतरत. सोमवारी डॉक्टरांकडे नेणार आहे. तोवर गॅसपाशी तिच्याबरोबर मी उभी राहीन."

"तू? तुझी कंबर?"

"कंबर आहेच."

"आणि नाही उतरलं तर?"

"मग तेव्हा बघू. उद्या दुपारी तिच्याच हातचं जेव. मी शेजारी असेन."

 मग त्याने विचारलं, नांदेडहून येताना काही आणू का. मी नको म्हटलं.

मागच्या खोलीत शिवकन्या वैष्णवीचा खांदा हलवत होती. वैष्णवी हसू दाबत होती आणि शिवकन्या तिला पुन्हा, नीट म्हणायला लावत होती. मी दिवा ओढून डायरी उघडली. फार लिहायचं त्राण नव्हतं. तारीख घातली आणि लिहिलं: खिचडी उरली नाही. तांदूळ संपत आले आहेत, सोमवारी आणायचे.